मोटार मोजली जाते, माणूस वगळला जातो

शहरातील रस्ता कोणाचा, या प्रश्नाचा निर्णय महापालिकेच्या सभागृहात किंवा मंत्रालयात होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी, निविदा निघण्यापूर्वी आणि भूमिपूजनाचा नारळ फुटण्यापूर्वी एक मोजणी होऊन गेलेली असते. चौकात उभे राहून कोणीतरी जाणारे-येणारे मोजलेले असते, त्या आकड्यांवर संशोधकांनी गणिती प्रारूप बसवलेले असते, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष ‘शास्त्रीय’ म्हणून राज्यकर्त्यांच्या हाती दिलेला असतो. पुढचा वाद उरतो तो उड्डाणपूल चौपदरी असावा की सहापदरी, एवढाच. ज्याची नोंद मोजणीच्या तक्त्यात नाही त्याला आराखड्यात स्थान मिळत नाही; आणि आराखड्यात स्थान नसलेल्याला रस्त्यावर अतिक्रमण करणारा ठरवणे मग सोपे जाते.

हे मोजणीचे काम आता माणसाच्या हातून यंत्राच्या हाती जात आहे. एकमेकांशी आणि सिग्नलशी बिनतारी संवाद साधणारी ‘जोडलेली वाहने’, प्रत्येक वाहनाची जागा क्षणोक्षणी टिपणारी उपग्रह-यंत्रणा, प्रवाशाच्या खिशातील मोबाईल, या सर्वांतून शहराच्या हालचालीची अखंड नोंद होऊ लागली आहे. नगरवाहतुकीचे संशोधन याच नोंदींवर उभे राहत आहे. हा बदल केवळ तांत्रिक आहे असे समजून समाजवादी चळवळीने त्याकडे पाठ फिरवली, तर मोजणीतील जुना अन्याय यंत्रात कायमचा बसवला जाईल, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी समोर माणूसही उरणार नाही.

एककाचे राजकारण

रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत सर्व वाहतूक एकाच मापाने मोजली जाते. ते माप आहे ‘पॅसेंजर कार युनिट’, म्हणजे मोटार-एकक. मोटार म्हणजे १. सायकल ०.४ ते ०.५. बस किंवा ट्रक, वाहतुकीतील त्यांच्या प्रमाणानुसार, २.२ ते ३.७. हातगाडी २ ते ३. या तक्त्यात पायी चालणाऱ्या माणसाला आकडाच नाही.

अभियंते यावर सांगतील, की हे एकक रस्त्यावर व्यापलेली जागा आणि होणारा अडथळा मोजण्यासाठी आहे, त्यात माणसांची किंमत ठरवण्याचा हेतू नाही. शिवाय पादचाऱ्यांच्या सोयींसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. हे म्हणणे खरे आहे, आणि आक्षेपही नेमका तोच आहे. साठ माणसांनी भरलेली बस या हिशेबात जास्तीत जास्त चार मोटारींएवढी भरते. त्या चार मोटारींत मिळून सहा-सात माणसे असली तरी हिशेब तोच राहतो. पाठीचा कणा वाकवून बाजारात माल पोचवणारा हातगाडीवाला दोन-तीन मोटारींएवढा अडथळा ठरतो. अडथळा कोणाला, हा प्रश्न तक्त्यात कोठेच विचारलेला नाही. कारण उत्तर एककाच्या नावातच आहे. मोटार हा मानदंड आणि बाकी सारी हालचाल म्हणजे त्या मानदंडापासूनचे विचलन, असे एकदा धरले की रुंदीकरण, उड्डाणपूल आणि फेरीवाल्यांवरील कारवाई हे निष्कर्ष गणितातून आपोआप बाहेर पडतात.

केंद्र सरकारने २००६ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय नगर परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य देण्याचे तत्त्व मान्य केले. धोरणात माणूस आला. मोजणीत मात्र मोटारच राहिली. धोरणाचा कागद आणि मोजणीचा तक्ता यांत विरोध आला, तर कंत्राट तक्त्याप्रमाणे निघते, हा गेल्या दोन दशकांचा अनुभव आहे.

गरिबाचा तास स्वस्त

मोजणीनंतर येते ते खर्च-लाभाचे विश्लेषण. नव्या रस्त्याचा मोठा लाभ म्हणून वाचलेला प्रवासवेळ दाखवला जातो, आणि त्या वेळेची रुपयांत किंमत केली जाते. ही किंमत प्रवाशाच्या मिळकतीशी जोडण्याची रूढी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आर्थिक मूल्यमापनाच्या पुस्तिकेतही मोटारीत बसलेल्याच्या तासाचे मूल्य बसमध्ये बसलेल्याच्या तासापेक्षा अधिक धरलेले आहे. ज्याची मिळकत जास्त त्याचा वेळ महाग. म्हणून त्याचा वेळ वाचवणारा प्रकल्प ‘अधिक लाभदायक’. बसमधील बाईचा अर्धा तास वाचवणारी स्वतंत्र मार्गिका या हिशेबात मागे पडते.

अर्थशास्त्राला दुसरा मार्ग ठाऊक नाही, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये कामाव्यतिरिक्तच्या वेळेसाठी श्रीमंत-गरीब असा भेद न करता सरासरीचे एकच मूल्य वापरण्याची पद्धत अनेक दशके रूढ आहे. तेथील सरकार काही समाजवादी क्रांती करायला निघाले नव्हते. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामात एका नागरिकाचा तास दुसऱ्याच्या तासाहून श्रेष्ठ धरणे लोकशाहीत बसत नाही, एवढीच साधी गोष्ट त्यांनी मान्य केली. एक माणूस, एक मत हे तत्त्व ज्या देशाने १९५० साली स्वीकारले, त्या देशाने एक माणूस, एक तास हे तत्त्व नाकारावे, याचे समर्थन कसे करणार?

निवड की नाइलाज?

प्रवासवर्तनाच्या आधुनिक संशोधनाचा पाया डॅनियल मॅकफॅडन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने घातला. त्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रवासी उपलब्ध साधनांचा वेळ, खर्च आणि सोय तोलून एकाची निवड करतो, असे त्यांचे प्रारूप सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील ‘बार्ट’ ही रेल्वे सुरू होण्यापूर्वी तिला कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के प्रवासी मिळतील असा अंदाज या पद्धतीने काढला गेला, प्रत्यक्षात ६.२ टक्के मिळाले. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु निवडीचे शास्त्र तेथेच लागू पडते, जेथे निवडीला वाव असतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. दारात लोंबकळणे ही त्यांची ‘पसंती’ होती काय? कोरोनाचा काळ वगळला, तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून होणारे मृत्यू त्यांत प्रमुख आहेत. प्रारूपाच्या भाषेत हे सारे रेल्वेचे ‘निश्चित ग्राहक’. ते कोठेही जाणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी घाई करण्याचे कारण नाही.

याहून मोठा दोष न झालेल्या प्रवासाचा आहे. बसथांब्यापर्यंतचा रस्ता अंधारा आहे म्हणून संध्याकाळची पाळी नाकारणारी कामगार स्त्री, भाडे परवडत नाही म्हणून रुग्णालयाची पुढची तारीख चुकवणारा वृद्ध, अकरावीसाठी दूरच्या महाविद्यालयात न गेलेली मुलगी, यांचा प्रवास घडलाच नाही. म्हणून तो मोजलाही गेला नाही. क्रयशक्तीचा आधार असलेली इच्छा म्हणजेच मागणी, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातील सूत्र येथे शहराच्या आराखड्याचा नियम होऊन बसते. २०११ च्या जनगणनेनेही कामावर जाण्याचे साधन विचारले ते शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांनाच. शाळा, रेशन, दवाखाना, पाणी यांसाठीच्या फेऱ्या, ज्यांचा मोठा भार स्त्रियांवर असतो, त्या प्रश्नावलीत आल्याच नाहीत. इतक्या अपुऱ्या गणनेतही पायी कामावर जाणारे पाचांत एकाहून अधिक निघाले, आणि मोटारीने जाणारे शंभरात तीनहूनही कमी.

मुंबईचा धडा

अमेरिकेत १९५०च्या दशकात डेट्रॉइट व शिकागो येथे मोठ्या वाहतूक पाहण्या झाल्या आणि त्यांतून नगरवाहतुकीचे प्रारूप घडले. मोटार घरोघरी पोचलेल्या समाजासाठी ते घडवले होते. तेच शास्त्र १९६०च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेबरोबर मुंबईत आले; त्या संस्थेने बेटाच्या कडेने वेगमार्ग बांधण्याची शिफारस केली. चाळीत राहून ट्राम, बस आणि लोकलने गिरणी गाठणाऱ्या शहराला मोटारीच्या शहराचा अंगरखा शिवून दिला गेला.

पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ साली सर्वंकष वाहतूक अभ्यास पूर्ण केला. घरोघरी जाऊन केलेल्या या पाहणीत दिसले ते असे: महानगर प्रदेशातील एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होतात, आणि उरलेल्या, वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक रेल्वे व बस यांनी होतात. म्हणजे संशोधनाने सत्य सांगितले होते. त्या सत्याचे पुढे काय झाले? त्याच सुमारास प्राधिकरणाने पादचाऱ्यांसाठी तीसहून अधिक ‘स्कायवॉक’ उभारण्यास प्रारंभ केला. चालणारा बहुसंख्य आहे हे कळल्यावर त्याला जमिनीवर रुंद पदपथ देण्याऐवजी जिने चढवून हवेत पाठवले, म्हणजे खाली मोटारीला मोकळीक मिळाली.

मार्च २०२४ मध्ये मुंबई किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. दहा-साडेदहा किलोमीटरच्या या रस्त्यावर १३ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. त्यावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना बंदी घालण्यात आली. बसला मुभा आहे; परंतु बस पुरवणाऱ्या ‘बेस्ट’ची अवस्था काय? एके काळी चार हजारांवर असलेला तिचा ताफा २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आला, आणि त्यातही मोठा भाग कंत्राटदारांच्या बसगाड्यांचा. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणताच काही आठवड्यांत प्रवाशांची संख्या लाखांनी वाढली. प्रवासवर्तनाचा इतका स्पष्ट प्रयोग कोणत्याही विद्यापीठाला करता आला नसता. त्याचा निष्कर्ष कोणी वाचला? मे २०२५ मध्ये तेच भाडे ५ वरून १० रुपये, म्हणजे दुप्पट झाले. मोटारीसाठी केलेला खर्च ‘गुंतवणूक’ आणि बससाठी केलेला खर्च ‘तोटा’ म्हणवला जातो, तेव्हा हा फरक हिशेबाचा नसून वर्गाचा आहे.

यंत्राला कोण दिसते?

या पार्श्वभूमीवर जोडलेल्या वाहनांचे आश्वासन तपासले पाहिजे. वाहने आपली जागा, वेग व दिशा परस्परांना कळवतील, टक्कर होण्यापूर्वी चालकाला इशारा मिळेल, सिग्नल गर्दीप्रमाणे आपला काळ बदलतील, असे ते आश्वासन आहे. अपघात कमी व्हावेत यात कोणाचे दुमत? पण भारतात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के आणि पादचारी सुमारे १९ टक्के होते. मरणाऱ्यांतील दर तिघांपैकी जवळजवळ दोघे अशा वर्गातले आहेत, की ज्याच्या अंगावर आघात झेलणारा पत्रा नाही आणि ज्याच्याकडून संदेश पाठवणारे यंत्रही नाही. गर्दी मोजून वेळ वाटणारा सिग्नल संदेश पाठवणाऱ्यालाच गर्दी समजणार असेल, तर रस्ता ओलांडण्यासाठी मुलाचे बोट धरून उभी असलेली बाई त्याच्या लेखी शून्य.

या तंत्रज्ञानाच्या मायभूमीतील इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेने १९९९ साली वाहनांच्या परस्परसंवादासाठी ध्वनिलहरींचा नव्हे, तर रेडिओलहरींचा एक स्वतंत्र पट्टा राखून ठेवला. ॲन आर्बर, न्यूयॉर्क, टँपा, वायोमिंग येथे सरकारी खर्चाने प्रयोग झाले. नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव २०१६च्या अखेरीस आला आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला. दरम्यान २०२० साली त्या पट्ट्याचा अर्ध्याहून मोठा भाग वाय-फायसाठी देण्यात आला.

ओहायो राज्यातील कोलंबस शहराची कथा अधिक लक्षणीय. २०१६ साली ७८ शहरांच्या स्पर्धेत त्याने ‘स्मार्ट सिटी’चे पारितोषिक जिंकले. केंद्राकडून ४ कोटी आणि एका खासगी संस्थेकडून १ कोटी डॉलर मिळाले. लिंडन या गरीब वस्तीतील बालमृत्यूंचे प्रमाण मोठे आहे, गर्भवतींना दवाखान्यापर्यंत पोचवणारे साधन नाही, हे त्या शहराच्या मागणीतील हृदयस्पर्शी कारण होते. लिंडनमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये चालकविरहित बस आली; ती अचानक थांबल्याने एक प्रवासी आसनावरून खाली पडली, आणि दोनच आठवड्यांत प्रवाशांची सेवा बंद झाली. गर्भवतींच्या उपयोगी पडला तो चालक असलेल्या साध्या गाडीचा उपक्रम, आणि तोही दीडशेच्या आतबाहेर स्त्रियांपुरता. गरज होती वेळेवर येणाऱ्या वाहनाची. पैसा मिळाला तो यंत्राच्या नावाने. गरिबाचे दुःख अर्जात लिहावे आणि अनुदान उपकरणांवर खर्चावे, ही रीत भारतातील स्मार्ट शहरांनाही अपरिचित नाही.

माहितीची मालकी

यंत्राने टिपलेली हालचाल ही आता संपत्ती आहे. ती कोणाची? केंद्रीय परिवहन खात्याने २०१९ साली वाहननोंदणी व चालक-परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आखले. व्यापारी संस्थांना वर्षाला ३ कोटी रुपये, शिक्षणसंस्थांना ५ लाख रुपये असा दर होता. त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत सांगण्यात आले, की ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती देऊन ६५ कोटी रुपये मिळाले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निर्वाळा दिलेला असतानाही हे घडले. जून २०२० मध्ये धोरण रद्द झाले. पण नागरिकाची नोंद ही विक्रीची वस्तू आहे, ही दृष्टी त्याबरोबर रद्द झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

मोबाईलवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांना शहराच्या हालचालीची जेवढी माहिती असते, तेवढी महापालिकेला नसते. चालकाने किती तास गाडी हाकली, किती वेळ रिकामी फिरवली, प्रत्येक फेरीत कंपनीने किती कापून घेतले, हे कंपनी जाणते. चालक अंदाज करतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगाने या कंपन्यांना फेऱ्यांच्या नोंदी सादर करणे भाग पाडले. त्या नोंदींचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, आणि २०१८च्या अखेरीस त्या शहराने अशा चालकांसाठी किमान मोबदला निश्चित केला. माहिती सार्वजनिक होताच ती श्रमिकाच्या हातातील साधन झाली. तंत्रज्ञान तेच, मालकी बदलली, तसा परिणाम बदलला. जोडलेल्या वाहनांना आंधळा विरोध करणे समाजवाद्यांना शोभणार नाही, याचे कारण हेच आहे.

कार्यक्रम

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक वाहतूक पाहणीत वाहनांबरोबर माणसे मोजली जावीत, पायी चालणाऱ्यांसह. खर्च-लाभाच्या हिशेबात सर्व प्रवाशांच्या वेळेचे मूल्य एकच असावे. २०२१ ची लांबलेली जनगणना २०२७ मध्ये घेण्याचे जाहीर झाले आहे. त्या गणनेच्या निमित्ताने केवळ कामावरच्याच नव्हे, तर घरच्या जबाबदारीपायी होणाऱ्या प्रवासाचीही देशव्यापी पाहणी करण्याची मागणी लावून धरली पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावरून गोळा केलेली हालचालीची माहिती, व्यक्तीची ओळख पुसून, सार्वजनिक मालकीची असावी. ती विकण्यास बंदी असावी. आणि स्वयंचलित सिग्नलवर एक पैसा खर्चण्यापूर्वी त्या चौकात बस किती मिनिटांनी येते, याचा जाब विचारला जावा.

या मागण्या निवेदनापुरत्या राहू नयेत. प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील एक चौक निवडावा. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा या वेळेत चार कार्यकर्त्यांनी चार कोपऱ्यांवर वही-पेन्सिल घेऊन उभे राहावे आणि माणसे मोजावीत: पायी किती, सायकलवर किती, बसमध्ये किती, दुचाकीवर किती, मोटारीत किती. रस्त्याच्या रुंदीपैकी कोणाला किती फूट मिळाले, तेही मोजावे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून तो कागद विभाग कार्यालयात द्यावा आणि त्याची प्रत चौकातच फलकावर लावावी. त्या कागदाला कोणाही सल्लागाराचा दाखला लागणार नाही; आणि तो वाचल्यानंतर चौकातील माणसाला आपण अडथळा आहोत असे पुन्हा कोणी सहजासहजी पटवू शकणार नाही.